वदरिंग हाइट्स : आमच्या काकूंना आता पुढे कोणतं दाखवू?

सड्यावरची

नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचंपुढचं सांगितलं नाही तर तुम्ही मला भलतंच उत्तर द्याल, म्हणून थोडं पाल्हाळ लावते.

मी दापोली तालुक्यातली. अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. दर शनिवारी दुपारी आमच्या पडवीत आठ-दहा बायका जमतात. त्याला आम्ही वाचनकट्टा म्हणतो, पण वाचते मी एकटीच. मी गोष्ट सांगते, त्या हातातलं काम करत ऐकतात. सध्या चिंचा फोडायचे दिवस आहेत. परातीत चिंचोके पडत असतात आणि मी इंग्लंडातल्या कुणाचं तरी लग्न मोडत असते.

या खेपेला एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ घेतली. १८४७ सालची कादंबरी, दोन घरं, दोन पिढ्या, आई आणि मुलगी दोघींचं नाव कॅथरिन. घर सांभाळणारी नेली डीन गोष्ट सांगते भाडेकरू लॉकवुडला, आणि तो सांगतो आपल्याला. मला वाटलं, दुसऱ्या शनिवारी पडवी रिकामी. पण झालं उलटंच. ‘वदरिंग’ म्हणजे त्या मुलखाच्या बोलीत टेकाडावरच्या घराला झोडपणारं वारं. हे सांगायला मी शब्द शोधत होते, तर एक वहिनी म्हणाल्या, “म्हणजे सड्यावरचं घर.” संपला विषय. (सडा म्हणजे आमच्याकडचं डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळी पठार.) पुस्तकात त्या घरापाशी झुडपं सगळी एकाच अंगाला कललेली आहेत, उन्हाकडे भीक मागत हात पसरावे तशी. आमच्या सड्यावर या, तश्शी दाखवते.

नेलीचं तर त्यांना काही नवलच वाटलं नाही. मोठ्या घरातलं सगळं ठाऊक असलेली आणि हातातलं शिवण खाली न ठेवता सांगणारी बाई प्रत्येक वाडीत एक असते. गंमत म्हणजे कॅथी (दोघींतली आई) जिथे नेलीला मन उघडं करून सांगते, की हीथक्लिफशी (तिच्या बापाने रस्त्यावरून आणून घरात वाढवलेल्या पोराशी) लग्न केलं तर माझा मान उतरेल, पण तो म्हणजे मीच आहे, तिथे बाकाच्या पाठीआड बसलेला हीथक्लिफ पहिलं अर्धंच ऐकून उठून जातो. तो गेलेला नेलीला दिसतो. ती कॅथीला गप्प राहा म्हणते, पण तो ऐकून गेला हे तेव्हा सांगत नाही आणि त्याला थांबवतही नाही. परातीवरचे हात थांबले. “हीच बया खरी,” असा एकमुखाने निकाल लागला.

आणखी एक. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं हे काळंसावळं पोर कुठलं, ते एमिलीबाईंनी शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. पण शेजारचे लिंटनसाहेब त्याला बघून म्हणतात, हा कुणी लास्कर असेल, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश. लास्कर म्हणजे इंग्रजी जहाजांवरचे आपल्याकडचे खलाशी. शब्द आपला लष्करवालाच. त्यांच्यातले हुद्दे सारंग आणि तांडेल. आता आमच्या किनाऱ्यावर सारंग आणि तांडेल ही आडनावं घरोघर आहेत, आणि मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकू चौऱ्याहत्तरच्या. त्यांचे आजेसासरे बोटीवर होते. त्यांनी चिंच खाली ठेवली आणि म्हणाल्या, “म्हणजे आपलाच कुणीतरी राह्यला होता म्हण की तिकडे.” मी म्हटलं, काकू, तसं पुस्तकात नाही, तो नुसता तर्क आहे. पण त्या दिवसापासून हीथक्लिफ आमच्या गावचा.

आता मुद्दा. मुलगा घरी आला होता, त्याने टीव्हीला लॅपटॉप जोडून दिला. मला दुर्बुद्धी सुचली, म्हटलं मालिका दाखवावी. २००९ची आयटीव्हीची दोन भागांची आहे ना, टॉम हार्डी (हीथक्लिफ) आणि शार्लट रायली (कॅथी), ती लावली. पटकथा पीटर बाऊकरची, दिग्दर्शन कोकी गिड्रॉइकचं. पहिला भाग पाहिला. बायका एकदम दोन तट पडून भांडायला लागल्या. तिशी-चाळिशीतल्या चौघी हार्डीच्या लांब केसांवर फिदा. “एवढं प्रेम करणारा पाहिजे हो.” काकू उठून चहा टाकायला गेल्या. नंतर मला म्हणाल्या, “तू सांगितलास तो हा नव्हे गो. तो कुत्र्याला टांगणारा होता.”

खरं आहे. पुस्तकात तो शेजारच्या लिंटनांच्या मुलीला, इझाबेलाला, पळवून नेतो त्या रात्री तिच्या कुत्र्याला रुमालाने खुंटीवर लटकवतो. मालिकेने लॉकवुड काढून टाकला, नेलीचं ‘सांगणं’ काढून टाकलं (सेरा लँकेशरने नेली छान केलीय, तक्रार तिच्याबद्दल नाही), सुरुवातच दुसऱ्या पिढीपासून करून मग मागे गेली, त्यात दोन कॅथरिनींचा घोळ. शेवट मी आधीच पाहून ठेवलाय. हीथक्लिफ स्वतःला गोळी घालून घेतो. पावणेदोनशे वर्षांच्या गोष्टीचं रहस्य फोडलं म्हणून कुणी ओरडू नका.

मला खटकतं ते वेगळंच. माझ्या बायकांनी पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न धरून ठेवला होता : जमीन कुणाच्या नावावर? टीव्हीवर जमीन दिसते, पण ती धुक्यात आणि वाऱ्यात दिसते. कुणाच्या नावावर ते ओझरतंच कळतं.

तर सांगा. दुसरा भाग दाखवू, दुसरं एखादं जुनं रूपांतर शोधू, की लॅपटॉप मिटून तोंडाने सांगून संपवू?

जुनी_टेप

१९७८चं बीबीसीचं बघा. पाच भाग, केन हचिसन आणि के अ‍ॅडशेड. दुसऱ्या पिढीला न्याय द्यायचा तर तेवढी लांबी लागतेच. पुस्तकात ३४ प्रकरणं आहेत आणि कॅथी सोळाव्या प्रकरणात मरते, हे लोक विसरतात. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९३९च्या सिनेमाने पुढचं अर्धं पुस्तक सरळ कापलं, आणि जगाच्या डोक्यात ही ‘अमर प्रेमकथा’ बसली ती तिथून. त्यानंतरचे सगळे त्या सिनेमाशीच झगडतायत, पुस्तकाशी नाही.

त्याआधीचं १९६७चं बीबीसीचं कृष्णधवल, चार भाग, इयन मॅकशेन. गायिका केट बुशने ‘वदरिंग हाइट्स’ हे गाणं लिहिलं ते हेच टीव्हीवर शेवटची काही मिनिटं पाहून. पुस्तक तिने मागाहून वाचलं. १९९८चं एक दोन तासांचं आहे, त्यात हेअरटनच्या (दुसऱ्या पिढीतल्या, कॅथीच्या भाच्याच्या) भूमिकेत कोवळा मॅथ्यू मॅकफेडन आहे. तुमच्या तरुण पार्टीला तो दाखवा, हार्डी विसरतील.

२००९च्या बाजूने एक शब्द बोलतो. दोन भागांत बसवायचं तर काहीतरी टाकावं लागणारच. टॉम हार्डी वाईट माणूस नीट करतो, फक्त कॅमेरा त्याच्या प्रेमात पडलाय.

नेलीबद्दल तुमच्या बायकांचं मत वाचून खुर्चीतून उठलो. १९५८ साली जेम्स हॅफली नावाच्या समीक्षकाने अख्खा लेख लिहिला की या कादंबरीतली खलनायिका नेलीच आहे. विद्यापीठात आम्हाला तो मोठं नवल म्हणून शिकवला होता. तुमच्याकडे चिंचा फोडता फोडता झालं.

लीड्सकर

सड्यावरची ताई, धागा वाचून राहवलं नाही. आम्ही इथे इंग्लंडात, लीड्सला, अकरा वर्षं आहोत. हॉवर्थला, म्हणजे ब्राँटे बहिणींच्या गावी, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन जावं लागतं. लोणावळ्याला चिक्की तसं. त्यांच्या वडिलांचं घर आता संग्रहालय आहे, समोरच चर्च आणि कबरस्तान.

गावाबाहेरून माळावर चालत गेलं की तीन-साडेतीन मैलांवर टॉप विदन्स नावाचं पडकं घर लागतं. हेच वदरिंग हाइट्स असं सगळे म्हणतात. तिथे ब्राँटे सोसायटीने १९६४ साली भिंतीत पाटी बसवली आहे. तिचा मतलब असा : हे घर धडधाकट असतानाही पुस्तकातल्या घरासारखं दिसत नव्हतं, फार तर जागा लेखिकेच्या डोक्यात असेल, आणि लोक सारखे विचारतात म्हणून ही पाटी लावत आहोत. इतकी वैतागलेली पाटी मी पुण्याबाहेर पहिल्यांदा पाहिली. वाटेवरचे दिशाफलक जपानी भाषेतसुद्धा आहेत, एवढे जपानी येतात.

सासूबाई सोबत होत्या. ऑगस्ट होता, सगळा माळ जांभळ्या फुलांनी भरलेला, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येईना. त्या कानाला पदर लावून म्हणाल्या, “इथे दोनच कामं, भांडणं नाहीतर प्रेम.” तुमचा सड्याचा शब्द वाचला आणि ते आठवलं. इतकी वर्षं मी ‘मूर’ला माळरान म्हणत आलोय, पण माळरान सपाट, शांत वाटतं. सडाच बरोबर.

एक विचारायचंय. जोसेफ, तो म्हातारा धार्मिक गडी, त्याची बोली मराठीत कशी केलीत? इथल्या जुन्या लोकांनाही ती जड जाते. एमिली गेल्यावर १८५०च्या आवृत्तीत शार्लटने त्याची बोली सौम्य केली होती, बाहेरच्यांना कळावी म्हणून.

सड्यावरची

@लीड्सकर, जोसेफ मी आमच्या जुन्या गड्यासारखा केला. तोंडात सारखं देवाचं नाव आणि दुसऱ्याच्या पापाचा हिशोब. त्याचं बोलणं अर्धं कळत नाही म्हणून कुणाचं अडलं नाही, सूर कळला की झालं.

@जुनी_टेप, हॅफलीचं आज पडवीत सांगितलं. काकू म्हणाल्या, “लेख लिहिलान? पैसे मिळाले असतील.”

काळा_कोट

बाई, मी चिपळूणला वकिली करतो, दिवाणी बाजू. साहित्यात मला गती नाही, पण तुमच्या कट्ट्याने नेमकी नस धरली आहे हे सांगायला आलो. आमच्या कोर्टात हीथक्लिफ दर आठवड्याला येतो, फक्त केस लांब नसतात.

१९२६ साली सी. पी. सँगर नावाच्या बॅरिस्टरने या कादंबरीवर निबंध लिहिला. त्याने वंशावळ मांडली, कोण कधी जन्मलं-मेलं त्याच्या तारखा लावल्या आणि मालमत्तेचा कायदा तपासला. निघालं असं की एमिलीबाईंनी हे सगळं चोख सांभाळलंय. ते वाचून मी कादंबरी वाचली, एरवी हात लावला नसता.

तुमच्या बायकांसाठी आपल्या भाषेत सांगतो. पहिलं घर, वदरिंग हाइट्स. मालक हिंडली, कॅथीचा भाऊ, बायको गेल्यावर दारू आणि जुगार. एकेक वार जमीन त्याने पैशासाठी गहाण टाकली, आणि गहाणदार कोण? हीथक्लिफ. हिंडली मेला, गहाण फिटलं नाही, कब्जा हीथक्लिफकडे. वारस हेअरटन, हिंडलीचा मुलगा, बापाच्याच घरात बिनपगारी गडी झाला, आणि त्याला अक्षरओळखही होऊ दिली नाही, कारण वाचता आलं की माणूस कागद मागतो. (हे शेवटचं वाक्य माझं.)

दुसरं घर, थ्रशक्रॉस ग्रेंज. तिथल्या म्हाताऱ्या लिंटनची तजवीज अशी, की मुलगा एडगर (कॅथीचा नवरा) याला मुलगा झाला नाही तर इस्टेट एडगरच्या मुलीकडे नाही, एडगरच्या बहिणीकडे. ती बहीण म्हणजे इझाबेला. आता हीथक्लिफने तिला का पळवली ते बघा. तिच्यापासून मुलगा झाला, मरतुकडा. त्याचं लग्न एडगरच्या मुलीशी कोंडून ठेवून लावलं. तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. बायकांना स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावाने बाळगायचा पुरता हक्क १८८२च्या कायद्याने मिळाला. मग मरणाऱ्या पोराकडून जंगम मालमत्तेचं मृत्युपत्र बापाच्या नावे करून घेतलं. जमीन त्याला देता येत नव्हती, तो अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता. तरी हीथक्लिफने बायकोच्या आणि स्वतःच्या हक्काने ती दाबलीच. आणि नेली काय म्हणते? कायदेशीर असावं बहुधा, पण पोरीकडे ना पैसा ना माणूस, ती काय त्याचा कब्जा हलवणार? हे वाक्य माझ्या टेबलासमोर बसून किती बायकांनी म्हटलंय, मोजलं नाही.

अजून एक. एडगर मरताना मुलीचा पैसा विश्वस्तांच्या हाती ठेवायला निघाला होता. वकिलाला बोलावणं धाडलं. वकील मुद्दाम उशिरा आला, कारण तो हीथक्लिफला फितूर झाला होता. हे टीव्हीवाल्यांनी कुठे दाखवलं तर मला कळवा, मी सहकुटुंब बघेन.

रविवारची_मिसळ

इतकं लांब कशाला जाता, १९६६चा ‘दिल दिया दर्द लिया’ दाखवा. दिलीपकुमार, वहिदा, प्राण, नौशादचं संगीत. हीच गोष्ट, आणि काकूंना भाषाही कळेल. काळा_कोट, तुमचा प्रतिसाद वाचून आता प्रेमकथा वाचायची भीती वाटायला लागलीय.

जुनी_टेप

मिसळराव, तिथेही दुसरी पिढी गायब! काळा_कोट, तुमच्या कंसातलं वाक्य मी चोरणार आहे.

सड्यावरची

उशीर झाला, मध्ये लाइट नव्हती दोन दिवस.

शनिवारी काय केलं ते सांगते. लॅपटॉप लावलाच नाही. काळा_कोट यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. तोंडाने सांगताना मी स्वतःच तो भाग भराभर उरकला होता, कारण मला तो कंटाळवाणा वाटायचा. मालिकेला नावं ठेवत होते आणि तेच मीही केलेलं. वकील फितूर झाला तिथे तर इतका गलका झाला की शेजारचे भाऊजी काय झालं म्हणून कुंपणापाशी आले. एकीने विचारलं, “तारीख किती साली पडली?” तिची स्वतःची केस एकोणीस वर्षं चालू आहे.

मग शेवट सांगितला, पुस्तकातला. गोळीबिळी काही नाही. सूड घ्यायला दोन्ही घरं हातात आलेली आहेत आणि याची इच्छाच मरते. चार दिवस अन्न घेत नाही. सकाळी नेली जाऊन बघते तर कॅथीच्या त्या जुन्या पेटीवजा पलंगावर पडलेला, खिडकी उघडी, पावसाने तोंड आणि उशी भिजलेली. ती त्याच्या कपाळावरचे केस मागे सारते, डोळे मिटायला बघते. मिटत नाहीत.

इथे एक वहिनी पटकन म्हणाल्या, “याच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही.” दुसरी म्हणाली, दर्भाचा करायला लागेल. हार्डीवाल्या चौघी गप्प होत्या. मी पुढे सांगितलं, की त्याच्यासाठी रात्रभर बसून रडला तो एकटा हेअरटन. ज्याची सगळी जमीन खाल्ली, ज्याला अडाणी ठेवला, तोच. त्या प्रेताचा हात धरून.

काकू बराच वेळ चिंचेतला दोर काढत बसल्या. मग म्हणाल्या, “पोर रडला ना? मग शिवला असेल.” आणि थोड्या वेळाने, “मृत्युपत्र केलं नव्हतंन ना पण त्याने?” नव्हतं केलं, काकू, मालमत्तेचं काय करावं तेच त्याला ठरवता येत नव्हतं. “मग पोराच्या नावावर लागली का जमीन?” मी म्हटलं, नेली म्हणते, मूळ घराण्याकडे हक्क परत आले. कशी लागली ते काळा_कोट यांना विचारते.

तर विचारलं. आणि १९७८चं बघायचं ठरलंय, पाचही भाग, दर शनिवारी एक. फक्त काकूंना कमी ऐकू येतं आणि आमचा लॅपटॉप पुटपुटतो, तेव्हा स्पीकर कोणता घेऊ तेही सांगा. हजाराच्या आत.